पनवेल परिसरातील साग : एका राखीव वृक्षाचा इतिहास

पनवेल बंदरातून निघालेली घाटवाट बोरघाट चढून वर आली की कार्ल्याची लेणी फार दूर राहत नाहीत. तेथील चैत्यगृहाच्या कमानदार छताखाली लाकडी फासळ्यांची एक रांग आहे. छत मुळातच अखंड खडकाचे असल्यामुळे या फासळ्यांवर कसलाही भार नाही. लाकडी वास्तूची रूढी पाषाणात उतरविताना शिल्पींनी ती तशीच पाळली, इतकाच त्यांचा अर्थ. परंतु दोन सहस्र वर्षांच्या सुमारास तेथे बसविलेल्या त्या सागवानी फासळ्या सह्याद्रीचा पाऊस, वाळवी आणि माणूस या तिन्हींना पुरून उरल्या आहेत. सागाच्या लाकडातील तैलयुक्त द्रव्ये वाळवीस आणि बुरशीस दूर ठेवतात हे रसायनशास्त्राने पुढे सिद्ध केले. सुताराला आणि नावाड्याला ते त्यापूर्वीच ठाऊक होते.

ज्या वृक्षाचे लाकूड इतके टिकाऊ, तो वृक्ष मात्र आपल्या मूळ भूमीत टिकून राहील अशी खात्री आज देता येत नाही. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनात सागाची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे. प्रथमदर्शनी हे विधान चमत्कारिक वाटते. आशिया, आफ्रिका आणि मध्य अमेरिका या तिन्ही ठिकाणी सागाच्या विस्तीर्ण लागवडी आहेत, आणि कोकणातील एखाद्या शेताच्या बांधावरही साग दिसतोच. परंतु हे मूल्यांकन आपोआप उगवलेल्या, नैसर्गिक वनांतील सागापुरते आहे. असा साग भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चारच देशांत आढळतो. आणि तेथे तो झपाट्याने घटत आहे. लागवडीत विपुल आणि वनात विरळ, अशी ही स्थिती आहे. ती कशी उद्भवली याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात जितके आहे तितकेच इतिहासातही आहे, आणि त्या इतिहासाचा एक बोलका तुकडा पनवेलच्या आसपासच्या डोंगरांत सापडतो.

साग हा सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित वर्षावनाचा वृक्ष नव्हे. त्या वनाच्या पायथ्याशी, जेथे पाऊस भरपूर पण उन्हाळा कोरडा असतो, अशा पानगळीच्या आर्द्र जंगलात तो वाढतो. त्याला मोकळे ऊन लागते; दाट सावलीत त्याचे रोप तग धरीत नाही. वणव्यात इतर झाडे मरतात तेथे तो पुष्कळदा बचावतो, आणि तोडल्यावर बुंध्यापासून पुन्हा जोमाने फुटतो. हा शेवटचा गुण ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण कुलाबा आणि ठाणे या जिल्ह्यांतील जंगलांची व्यवस्था पुढे त्याच गुणावर रचली गेली. कर्नाळ्याच्या सुळक्याखालील उतार, माथेरानच्या डोंगराचा पायथा आणि चिरनेरकडील टेकड्या ही सारी भूमी ऐन, किंजळ, खैर, कळंब आणि साग यांच्या मिश्र वनाची होय.

सागावर राज्यसत्तेने प्रथम हक्क सांगितला तो इंग्रजांनी, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर आरमाराच्या उभारणीस आरंभ केला. त्या आरमाराला लागणारे लाकूड उत्तर कोकणातील जंगलांनी पुरविले असावे, असे अनुमान करणे वावगे ठरणार नाही. परंतु अनुमानापेक्षा अधिक भक्कम आधार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा स्वतंत्र विचार आहे. राज्यातील जंगलांत असणारे सागासारखे वृक्ष हुजुराची परवानगी घेऊन तोडावेत, असे अमात्य सांगतात. आंबा, फणस यांची लाकडेही आरमाराच्या कामी येतात. पण त्यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, मग ते न्यावे.

आज्ञापत्रातील या उताऱ्याची वाखाणणी पर्यावरणरक्षणाचा आद्य दाखला म्हणून नेहमी केली जाते. ती योग्यच आहे. मात्र तीत एक भेद दृष्टीआड होतो. अमात्यांनी झाडांचे दोन वर्ग मानले आहेत. ज्याच्यामागे रयतेचे कष्ट आहेत ते झाड रयतेचे. जे रानात आपोआप वाढले ते, राज्याला उपयोगी पडल्यास, राज्याचे. साग दुसऱ्या वर्गात मोडतो. म्हणजे सागावरील राजहक्काची कल्पना कंपनी सरकारने जन्मास घातली नाही. तिला ती तयार मिळाली. तथापि तो हक्क झाडावर होता, जमिनीवर नव्हता. ज्या वर्षी गलबत बांधावयाचे त्या वर्षी साग तोडला जाई. त्या सागाखालचे गवत, पातेरा, कंदमुळे आणि वाट यांच्याशी हुजुराला कर्तव्य नव्हते. पुढील शतकात नेमके हेच बदलले.

मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले आणि त्यांच्या घराण्याने दीडशे वर्षांच्या आसपास जहाजबांधणीची परंपरा चालविली. १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची जहाजे याच गोदीत सागवानाची बांधली गेली. ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. इंग्लंडातील ओक वृक्ष कमी पडू लागला तेव्हा सागाकडे पाहिले जाऊ लागले. मोठे सोट मुख्यत्वे मलबारातून येत. तेथे १८०६ साली कॅप्टन वॉटसन याची संरक्षक म्हणून नेमणूक होऊन सागावर कंपनीचा मक्ता बसला, आणि रयतेच्या तक्रारी वाढल्यावर १८२३ मध्ये तो उठविण्यात आला. उत्तरेकडे डांगच्या भिल्ल राजांकडून १८४२ साली जंगलांचे पट्टे घेण्यात आले. उत्तर कोकणचा साग मलबारच्या मानाने आखूड आणि वाकडा. त्याची मागणी जहाजांपेक्षा घरांना, गलबतांना आणि गाड्यांना अधिक होती.

या व्यापारात पनवेलचे स्थान मध्यवर्ती होते. रेल्वे होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी बोटीने पनवेलला उतरे आणि तेथून घाटरस्त्याने पुढे जाई. सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत १८३० साली बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहतुकीस खुला झाल्यावर पनवेलची भरभराट वाढली. गाडीची चाके तयार करणे हा गावचा प्रमुख धंदा म्हणून जुन्या गॅझेटियरांतून नोंदला गेला आहे, आणि कोकण व देश या दोन्हींकडील शेतकरी येथून चाके नेत. चाक हे जंगलाचेच अपत्य. त्याखेरीज मुंबईच्या लाखो चुलींना लागणारे जळाऊ लाकूड आणि कोळसा खाडीमार्गे जात असे. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि प्रवाशांनी पनवेलकडे पाठ फिरवली. पण त्याच रेल्वेच्या रुळांखाली घालावयाच्या लाकडी पट्ट्यांनी जंगलावर नवे ओझे टाकले. एकीकडून बंदर ओस पडले आणि दुसरीकडून डोंगर, अशी ही चमत्कारिक सांगड आहे.

मुंबई इलाख्यात जंगल खात्याची स्थापना १८४७ साली झाली. पहिला संरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा मूळचा वैद्य आणि दापोडीच्या सरकारी उद्यानाचा व्यवस्थापक. जंगले तुटली तर झरे आटतील अशी त्याला मनापासून धास्ती होती, आणि खात्याच्या उगमाशी केवळ महसुलाचा लोभ होता असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. परंतु खाते वाढले ते गिब्सनच्या धास्तीवर नव्हे. १८६५ चा पहिला वनकायदा आणि त्यानंतरचा १८७८ चा अधिक कडक कायदा यांनी ‘राखीव वन’ ही कोटी निर्माण केली. राखीव वनात जे स्पष्टपणे दिलेले नाही ते निषिद्ध, हे तिचे सूत्र. सागावरील जुना राजहक्क आता सागाभोवतीच्या सर्व भूमीवर पसरला. शिवाय साग वनाबाहेर, खातेदाराच्या जमिनीत असला तरी सुटला नाही: १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ४० व्या कलमाने झाडांवरील हक्क खातेदारांस दिले, पण सरकारने राखून ठेवलेली झाडे त्यांतून वगळली. बांधावरचा आंबा शेतकऱ्याचा आणि त्याच बांधावरचा साग सरकारचा, ही गोष्ट खेडुतास समजावून सांगणे कठीणच होते.

पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो उरण महालासह कुलाब्यात घालण्यात आला. जिल्हा बदलला तरी गाऱ्हाणे बदलले नाही, आणि त्या गाऱ्हाण्याच्या केंद्रस्थानी सागापेक्षाही ‘राब’ होता. कोकणातील भातशेतीत रोपे लावण्यापूर्वी रोपवाटिकेच्या वाफ्यावर शेण, झाडांची टहाळी, पातेरा, गवत आणि माती यांचे थर पसरून ते जाळतात. त्या भाजणीने तण मरते, राखेचे खत मिळते आणि पहिल्या पावसात पेरलेले रोप जोमदार निघते. भाताच्या खाचराला लागून असलेली वरकस जमीन पुष्कळदा याच टहाळीसाठी राखलेली असे. जंगल खात्याच्या दृष्टीने राब म्हणजे झाडांचे हातपाय तोडून जाळणे. शेतकऱ्याच्या दृष्टीने राब नाही तर भात नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि म्हणूनच हा वाद तीस-चाळीस वर्षे मिटला नाही. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात जंगल खात्याने गावांच्या गायरानांवर केलेल्या आक्रमणाविरुद्ध लिहिले ते याच काळात. अखेर १८८५ मध्ये सरकारने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाची काही सोय झाली, हद्दींत थोडा फेरफार झाला, पण राखीव वनाचे तत्त्व अबाधित राहिले.

सर्वांत मोठी झळ लागली ती कातकऱ्यांना. खैराच्या गाभ्यापासून कात काढण्याच्या धंद्यावरून ज्यांना नाव पडले, त्यांचा तो धंदाच नियमांनी जवळजवळ संपविला. मग त्यांतील पुष्कळजण जंगलाच्या ठेकेदारांकडे कोळसा पाडण्यासाठी मजुरीने गेले. काल ज्या झाडाला हात लावणे गुन्हा होता तेच झाड आज ठेकेदाराच्या हुकमाने तोडून भट्टीत घालावयाचे, हा अनुभव एका पिढीच्या वाट्याला आला. डोंगरउतारावर नाचणी, वरी यांच्या पेरणीसाठी आदिवासींच्या गटांना खात्याने ‘दळी’ म्हणून काही जमिनी दिल्या. पण त्या कृपेने दिलेल्या, हक्काने नव्हे.

खात्याची तोड चालू राहिली ती फुटव्याच्या पद्धतीने. जंगलाचे भाग पाडावयाचे, एकेक भाग ठराविक वर्षांनी तोडावयाचा, काही सरळ झाडे मागे ठेवावयाची आणि बाकीच्यांचे बुंधे पुन्हा फुटू द्यावयाचे. साग या व्यवस्थेत इतरांपेक्षा सरस ठरतो, कारण तो हटकून फुटतो. परंतु फुटवा म्हणजे तेच जुने मूळ. बी पडून नवे रोप उभे राहणे, त्यातून वाणाची विविधता टिकणे, हे फुटव्याने साधत नाही. मोठ्या घेराची, भरपूर बी देणारी झाडे आधी तोडली जातात आणि खुरटी, वाकडी मागे राहतात. अशा निवडीच्या चार-सहा फेऱ्या झाल्या म्हणजे वन हिरवे दिसते, पण आतून झिजलेले असते. सागाच्या ऱ्हासाचा हा प्रकार कुऱ्हाडीच्या एका घावाइतका ठळक नसल्यामुळे त्याची नोंद कोणत्याही गुन्ह्याच्या वहीत सापडणार नाही.

१९३० च्या सविनय कायदेभंगात मिठाचा कायदा समुद्रकिनाऱ्यावर मोडता आला. पावसाळा लागल्यावर आंदोलन डोंगराकडे वळले ते वनकायद्याच्या भंगाच्या रूपाने. लोकनायक अणे यांनी जुलैमध्ये पुसद येथे गवत कापून आरंभ केला. बिळाशी येथे सत्याग्रहींनी साग तोडला आणि त्याचाच ध्वजस्तंभ उभारून त्यावर तिरंगा चढविला. राखीव वृक्षाचा असा उपयोग १९२७ च्या वनकायद्याच्या कर्त्यांनी कल्पिला नसेल. पनवेल तालुक्याच्या उरण महालात चिरनेरजवळ अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी आगरी, कोळी, कातकरी असे भोवतालच्या गावांतील शेतकरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन जमले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही प्राणास मुकले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या दिवशी तेथेच मृत्यू पावले.

चिरनेरच्या घटनेचे वर्णन स्वातंत्र्यलढ्याच्या ग्रंथांत राष्ट्रीय चळवळीचा एक प्रसंग म्हणून येते, आणि तसे येणे योग्य आहे. परंतु तेवढ्यानेच तिचा उलगडा होत नाही. मिठाच्या सत्याग्रहात नेत्यांनी दिलेली हाक लोकांनी उचलली. चिरनेरला मात्र लोकांचे पन्नास वर्षांचे गाऱ्हाणे नेत्यांनी उचलले होते. १८८५ च्या आयोगापुढे ज्यांनी राबासाठी अर्ज केले त्यांचीच नातवंडे १९३० मध्ये डोंगरावर गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांच्या हातातील कुऱ्हाड सागाचा नाश करण्यासाठी उचललेली नव्हती; कोणाला तोडण्याचा अधिकार आहे, या प्रश्नावर ती उचललेली होती.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे रूप बदलले, सूत्र पूर्णतः बदलले नाही. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन यांच्याबरोबर आंबा आणि फणस हेही आहेत. अमात्यांनी जे दोन वर्ग वेगळे ठेवले होते ते येथे एकाच यादीत आले. १९६८ मध्ये कर्नाळा पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि नंतर त्याचे क्षेत्र बारा चौरस किलोमीटरांच्या आसपास वाढविण्यात आले. किल्ल्याभोवतीचा हा पट्टा तोडीतून सुटला. परंतु त्याच्या पोटातून मुंबई-गोवा महामार्ग जातो, आणि सभोवार नवी मुंबईची वस्ती वाढत आहे. ज्या शिरढोणास वासुदेव बळवंत फडके जन्मले ते गाव या जंगलापासून जवळच आहे. तेथून पनवेलपर्यंत आता डोंगर कमी आणि इमारती अधिक दिसतात. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. त्या जिल्ह्यात सागाची झाडे मोजावयास गेल्यास ती थोडी भरणार नाहीत. त्यांतील किती लावलेली आणि किती रानात बीजापासून उगवलेली, हा भेद मात्र साध्या मोजणीने उघड होत नाही, आणि २०२२ च्या मूल्यांकनाचा सारा रोख त्याच भेदावर आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचे हक्क मान्य केले, आणि त्याखालील २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून काय चालेल हे सांगितले आहे. त्यांत गॅझेटियर आहेत, मोजणी आणि जमाबंदीचे अहवाल आहेत, जंगल खात्याच्या कार्ययोजना आहेत, सरकारने नेमलेल्या आयोगांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल आहेत, तसेच गावातील वृद्धांची लेखी उतरवून घेतलेली जबानीही आहे. म्हणजे १८८७ चा अहवाल, ज्याने राखीव वनाचे तत्त्व कायम ठेवले, तोच आता राबाचा आणि टहाळीचा जुना वहिवाट सिद्ध करण्यास ग्राह्य ठरतो. कातकऱ्यांसारख्या अनुसूचित जमातींना या कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविणे पुरेसे आहे. इतर पारंपरिक वननिवासींना त्या दिनांकापूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ही गणना मागे नेली तर ती १३ डिसेंबर १९३० वर येते. अक्कादेवीच्या डोंगरावरील गोळीबाराला त्या दिवशी अडीच महिने उलटले होते, आणि सत्याग्रहाच्या पायी पोलिसांनी व जंगल खात्याने केलेली त्या वर्षाची दप्तरे कोण कोठे राहत होते याविषयी बरेच काही सांगू शकतात.